ट्रॅक्टरांना लागलेले दोडके

ट्रॅक्टर आणि खोदाईयंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या तिमाही निकालाचा दिवस म्हणजे लग्नघरच. हॉलभर विक्रेते, समोर अध्यक्ष बलवंतराव मेहेंदळे. आवाज असा, की माइक शोभेपुरता.

"नफा विक्रमी, आणि पुढच्या तिमाहीत मागणी दुप्पट! पुरावा? कारखान्याच्या आवारात एक ट्रॅक्टर शिल्लक नाही. तेव्हा प्रत्येकानं दुप्पट माल उचलायचा. नाही म्हणेल त्याची एजन्सी गेली."

टाळ्या पडल्या, पण मनापासून कुणाच्याच नाहीत. कारण ट्रॅक्टर विक्रेत्याच्या दारात उतरला, की कंपनी तो विकला असं धरायची. मग गिऱ्हाईक मिळो न मिळो.

जालन्याच्या विक्रेत्या प्रमिलाबाई खरात उठल्या. पिशवीतून दोन कोवळे दोडके काढून त्यांनी साहेबांपुढे ठेवले.

"हे काय?"

"तुमच्या ट्रॅक्टरांचं पीक, साहेब. मागच्या तिमाहीत विकलेले सगळे माझ्या दारात उभे आहेत, त्यांच्यावर वेल चढलाय. जागचा न हलता पीक देणारा ट्रॅक्टर तुम्हीच काढलात. आता दुप्पट पाठवाल, तर सोबत बियाणंही पाठवा."

हॉलमध्ये असा हशा उसळला, की दुप्पट मालाचा हुकूम मागे घेतल्याचं सांगायला बलवंतरावांना पहिल्यांदाच माइक लागला.