मूठ कोणाची, पंगत कितवी

एकदा एका नदीकाठच्या लहानशा संस्थानात खर्च पुढे आणि आवक मागे, अशी शर्यत सुरू झाली. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढायची पाळी आली, तेव्हा राजाने आपल्या तरुण कारभाऱ्याला, विसाजीला, बोलावून दसऱ्याच्या आत ही तूट भरून काढायला सांगितलं. दरबारात दोन तट पडले. एक म्हणे कर वाढवा, दुसरा म्हणे खर्च तोडा. गंमत अशी की, कर वाढवा म्हणणारे मानकरी स्वतः करमाफ होते, आणि खर्च तोडा म्हणणाऱ्यांपैकी कुणीही सरकारी नावेतून नदी ओलांडत नव्हतं.

विसाजी हुशार होता, प्रामाणिकही होता, फक्त घाईत होता. त्याने दोन्ही तटांचं मन राखलं. घरटी कर सरसकट दुप्पट करायचा आणि नदीवरची फुकट नाव बंद करायची, असं त्याने ठरवलं. दवंडी पिटण्यापूर्वी आशीर्वाद घ्यावा म्हणून तो आपल्या वृद्ध गुरूंच्या मठात गेला.

गुरूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की, मठाच्या अन्नछत्रातही हल्ली तूट येते. रोज सकाळी गावातल्या प्रत्येक घरातून एक मूठ धान्य यायचं आणि त्यावर दुपारच्या पंगती उठायच्या. पण अलीकडे शेवटच्या पंगतीला भांडी खरवडावी लागत. काही शिष्यांचं म्हणणं, जास्त मागा. काहींचं म्हणणं, कमी वाढा. तू राज्य चालवतोस, तेव्हा एवढा मठ सावरून दे, मग आशीर्वाद घेऊन जा, असं गुरूंनी त्याला सांगितलं.

विसाजीला हसू आलं. इतकं सोपं होतं ते! घरटी दोन मुठी मागाव्यात आणि प्रत्येक पानावर एक भाकरी कमी वाढावी, असं त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

“बरं,” गुरू म्हणाले. “मग आज शेवटच्या पंगतीला जेव आणि उद्या सकाळी झोळी घेऊन माझ्याबरोबर चल.”

पहिल्या पंगतीला देणगीदार आणि प्रतिष्ठित मंडळी बसली. आग्रहाला नुसता ऊत आला होता. नको नको म्हणताना पानात तूप पडत होतं आणि उष्ट्या पत्रावळींवरून अख्खे लाडू गोठ्याकडे चालले होते. विसाजी पोटात कावळे ओरडत असताना हे बघत उभा राहिला. शेवटी त्याच्या पानावर अर्धी भाकरी आणि आमटीचं पाणी आलं. यातून एक भाकरी कमी करायची, तर ती कुठून, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

सकाळी झोळी निघाली. पाथरवटाच्या झोपडीतून बाई बाहेर आली. दगड फोडून फोडून तिचा पंजा चांगला रुंद झाला होता. तिने मूठ घातली तशी झोळी अंमळ खाली ओढली गेली. मग ती गुरूंना म्हणाली, “बुवा, नाव बंद व्हनार म्हनत्यात. पल्याड खानीवर जायचं कसं आमी? आज देते, उद्याचं काय सांगू?”

शेजारी उभा माणूस कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. विसाजी खाली मान घालून पुढे चालू लागला. त्याला फार लाज वाटली.

पुढे व्यापाऱ्याचा माडीचा वाडा होता. तिथे दाईच्या कडेवरून धाकटी नात आली. तिच्या इवल्याशा मुठीत चिमूटभर जोंधळे होते. त्या घरातून धान्य नेहमी असंच यायचं. एक नात मोठी झाली की दुसरी पुढे केली जायची. गुरूंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, पण झोळी उघडली नाही. शेटजींना पाठवा, असा निरोप देऊन ते उन्हात उभे राहिले. बरोबरचे शिष्य घाबरले, कारण अन्नछत्रातलं तूप याच घरून येत असे. निघू या, उगाच वाकडं येईल, असं विसाजी दोनदा कुजबुजला. गुरू जागचे हलले नाहीत.

सूर्य डोक्यावर आला, गल्ली गोळा झाली, तेव्हा शेटजी बाहेर आले. “महाराज, रीत मुठीची आहे. मूठ दिली.”

“रीत मुठीचीच आहे, शेटजी. पण मूठ कोणाची, हे आपण ठरवलंत. घरात ज्याचं ताट सर्वांत मोठं, त्याची मूठ हवी.”

शेटजींचे कान तापले. ते तरातरा आत गेले आणि थोड्या वेळाने स्वतःच्या हाताने मूठ भरून घेऊन आले.

परतताना गुरू म्हणाले, “बाळ, तूट खरी आहे. ती आशीर्वादाने भरत नसते. जास्त मागावंही लागेल आणि हात आखडावाही लागेल. पण तू सरसकट दुप्पट म्हणालास, तेव्हा त्या बाईच्या दोन मुठी झाल्या आणि शेटजींच्या दोन चिमटी. एक भाकरी कमी म्हणालास, तेव्हा पहिल्या पंगतीचं उष्टं तेवढं कमी झालं आणि शेवटच्या पंगतीचं जेवणच गेलं. मागायला मोठ्या ताटापासून सुरुवात करावी, तोडायला पहिल्या पंगतीपासून. आणि हे ठरवणाऱ्याने शेवटच्या पंगतीला बसावं, म्हणजे विसर पडत नाही.”

“आणि शेटजींनी रागाने तूप बंद केलं तर?”

“तर पहिली पंगत कोरडं जेवेल. शेवटच्या पंगतीने तूप पाहिलंय कधी?”

विसाजीने मग आशीर्वाद मागितला नाही. तो थेट राजवाड्यात गेला. आपलं स्वतःचं वेतन निम्म्यावर आणावं, वाड्यावरचे हत्ती कमी करावेत, मानकऱ्यांची करमाफी उठवावी आणि नाव चालू ठेवावी, असं त्याने राजाला सांगितलं. मानकरी रुसतील, राजा म्हणाला.

“रुसू द्या, सरकार. मी त्यांच्या दारात उन्हात उभा राहीन.”

आणि तो खरोखर उभा राहिला, एकेका दारात. दसरा आला तेव्हा तूट पुरती भरली नव्हती, पण घटू लागली होती, आणि नाव चालू होती. राजवाड्यातल्या मेजवानीत कारभाऱ्याचं पान रिवाजाप्रमाणे पहिल्या पंगतीला मांडलं होतं, ते रिकामंच राहिलं. विसाजी नावाड्यांबरोबर शेवटच्या पंगतीला बसला होता आणि आमटी कितपत पातळ आहे, ते लक्ष देऊन बघत होता.