खिंडीतली जागा

डोंगराच्या कुशीत, बांबूच्या दाट बेटांमध्ये कोळसुंद्यांची एक टोळी राहत असे. मुलांनो, कोळसुंदा म्हणजे तांबूस रंगाचा रानकुत्रा. अंगाने तो आपल्या गल्लीतल्या कुत्र्याहून मोठा नसतो. एकट्या कोळसुंद्याला सांबर दिसले, तर तो नुसता बघत राहतो. पण टोळी निघाली, की वाघसुद्धा वाट सोडून बाजूला होतो. कारण शिकारीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि ती कुणी सोडत नाही. काही जण शीळ घालत जनावराला मागून हाकतात, काही दोन्ही अंगांनी धावतात आणि एक जण पुढे जाऊन खिंडीत उभा राहतो. या टोळीच्या रानात तशी एकच अरुंद खिंड होती. जनावर तिच्यातून निसटले, की पलीकडच्या मोकळ्या माळावर ते कुणालाही सापडत नसे.

या टोळीत एक तरुण कोळसुंदा होता. त्याच्यासारखा धावणारा त्या रानात दुसरा नव्हता. एकदा खिंडीतून निसटलेल्या सांबराला त्याने माळावर गाठले, वळवले आणि टोळीच्या तोंडाशी आणून दिले. त्या दिवसापासून झाडावरची वानरे त्याचेच गुण गाऊ लागली. "पाय जमिनीला लागतच नाहीत हो याचे!" असे म्हणत ती फांद्या हलवत. पण हा गुणी कोळसुंदा रोज सारखा नसे. मन लागले तर वारा. नाही तर ऐन शिकारीत तो करवंदीच्या सावलीत आडवा झालेला सापडे. विचारले तर म्हणे, "आज अंगात जोरच नव्हता." कधी एखाद्या घोरपडीच्या मागे दुसरीकडेच जाई. त्या दिवशी सगळी टोळी उपाशी झोपे.

त्याच टोळीत एक फाटक्या कानाचा कोळसुंदा होता. तो धावण्यात मध्यमच होता. वानरांना तो कधी दिसलाही नसेल. पण त्याला जिथे उभे करावे, तिथे तो असे. ऊन असो, काटे असोत, शिकार दुसऱ्याच बाजूने निघून गेलेली असो. बोलावणे येईपर्यंत तो हलत नसे.

तो उन्हाळा फार वाईट गेला. ओढे आटले, चितळांचे कळप पाण्यासाठी दूर निघून गेले. टोळीची म्होरकी आता म्हातारी झाली होती. तिच्या लेकीची पाच पिल्ले बिळात होती. मोठ्यांनी पोटात भरून आणलेले मांस त्यांच्यापुढे ओकून टाकायचे, तेव्हा ती खायची. पण मोठ्यांच्याच पोटात काही नव्हते. पिल्ले आधी केकाटत असत. मग ती नुसती पडून राहू लागली.

"आई," लेक म्होरकीला म्हणाली, "खिंडीत त्या तरुणाला नको उभं करूस. माझी पिल्लं त्याच्या लहरीवर जगायची का?"

"तो धावतो त्या दिवशी सगळ्यांची पोटं भरतात, पोरी."

"आणि धावत नाही त्या दिवशी?"

म्होरकीने लेकीचे ऐकले. खिंडीत फाटक्या कानाच्या कोळसुंद्याला उभे केले आणि तरुणाला एका अंगाने धावायला सांगितले. त्या दिवशी सांबर खिंडीपर्यंत आले. फाटक्या कानाच्या कोळसुंद्याने त्याला अडवले, पहिली झेप घेतली, पण सांबराने हुलकावणी दिली आणि ते त्याच्या बाजूने निघून गेले. तो माळावर जिवाच्या आकांताने धावला. अंतर वाढतच गेले. तो परत आला, तेव्हा त्याच्या तोंडातून फेस गळत होता.

"माझे पाय अपुरे पडले, मावशी," तो म्होरकीला म्हणाला. "मी जागेवर होतो, पण पाय अपुरे पडले."

झाडावरून वानरे ओरडली, "खिंडीत तो तरुण असता तर सांबर गेलं नसतं!" टोळीतल्या दोघातिघांनीही खाली मान घालून तेच म्हटले. म्होरकी त्या दिवशी बराच वेळ बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. आत काही हालचाल नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा तोच एक दिवस येत होता, तरुणाने माळावरून सांबर वळवून आणले तो. शेवटी तिने तरुणाला बोलावले.

"पोरा, उद्या खिंडीत तू. सावली नको, घोरपड नको. शीळ ऐकू येईल तेव्हा तू तिथे असायला हवास. एवढंच."

"मावशी, या वेळी बघाच तुम्ही," तरुण म्हणाला. मुलांनो, तो खोटे बोलत नव्हता. त्या क्षणी त्याच्या मनात तेच होते.

दुसऱ्या दिवशी टोळीला एक मोठे सांबर लागले. मागच्यांनी शिळा घालत ते उठवले. अंगांनी धावणाऱ्यांनी, पोटे पाठीला लागलेली असताना, ते हळूहळू खिंडीकडे वळवले. तरुण खिंडीत उभा होता. पण उभे राहणे त्याला नेहमीच जड जाई. शिळा अजून लांब होत्या. खडक तापला होता. तेवढ्यात समोरच्या झुडपातून रानकोंबड्यांचा थवा फडफडत बाहेर पडला आणि माळाकडे पळाला. 'शिळा लांब आहेत, एवढ्यात येतो,' असे मनाशी म्हणून तो त्यांच्यामागे सुटला.

तो इतका सुंदर कधीच धावला नव्हता. दगड, खड्डे, काटे, सगळे त्याने हवेतल्या हवेत पार केले. झाडावरची वानरे आनंदाने ओरडू लागली. त्या ओरडण्यात जवळ येणाऱ्या शिळा त्याला ऐकूच आल्या नाहीत.

डाव्या अंगाने फाटक्या कानाचा कोळसुंदा धावत होता. खिंड रिकामी आहे, हे त्यानेच आधी पाहिले. त्याची जागा ती नव्हती. तरीही उरलेसुरले बळ एकवटून तो उतार कापत निघाला आणि सांबराच्या आधी कसाबसा खिंडीत पोहोचला. झेप घ्यायला त्याच्यात दम उरला नव्हता. तो नुसता आडवा उभा राहिला. सांबराने पुढचे खूर उचलून त्याच्या छातीवर हाणले आणि त्याला ओलांडून ते माळावर निघून गेले.

टोळी आली तेव्हा तो एका कुशीवर पडला होता. म्होरकीने त्याची मान चाटली.

"थांबवता नाही आलं," तो म्हणाला.

"तू बोलू नकोस."

"पिल्लांना सांग…" एवढेच तो म्हणाला. काय सांगायचे, ते कुणाला कळले नाही. सूर्य डोंगराआड जाण्याआधी तो गेला.

तरुण परत आला, तेव्हा त्याच्या तोंडात रानकोंबडीचे एक पीस होते. कोंबडीही त्याला मिळाली नव्हती. त्याने पडलेल्याकडे पाहिले, मग टोळीकडे पाहिले. कुणी त्याच्यावर गुरगुरले नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. पिल्लांची आई उठली आणि त्याच्या अगदी जवळून, जणू तिथे कुणी नाहीच अशी, बिळाकडे निघून गेली.

पहाट होताच तो एकटाच निघाला. आटलेल्या ओढ्याच्या काठाने तो मैलोन्‌मैल धावला. दूरच्या डोहाजवळ त्याने एक चितळाचे पाडस गाठले. स्वतःसाठी थांबला नाही. पोटात मांस भरून घेऊन तसाच परत धावला. बिळाच्या तोंडाशी येऊन त्याने सगळे ओकून टाकले. आई आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिच्यामागून दोन पिल्ले लडखडत आली आणि खाऊ लागली. तो आणखी पिल्लांची वाट पाहत बिळाकडे बघत राहिला.

"एवढीच," आई म्हणाली.

तो म्होरकीसमोर जाऊन पोटावर बसला. "मावशी, मला टोळीतून हाकलून द्या."

"हाकलून देऊन काय करू? खिंडीत आता उभं कोण राहणार? दुसरा होता, तो गेला." म्होरकीच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर त्याला बरे वाटले असते.

पुढच्या शिकारीला तो पुन्हा खिंडीत उभा राहिला. रानकोंबड्या आल्या, गेल्या. त्याने मानसुद्धा वळवली नाही. खडक तापला, तो हलला नाही. वानरे कंटाळून दुसऱ्या झाडांवर निघून गेली. शिळा ऐकू आल्या, जवळ आल्या, आणि मग विस्कटल्या. कारण खाली धावणाऱ्यांचे लक्ष सांबराकडे नव्हते. प्रत्येक जण धावता धावता मान वर करून, खिंडीत तो आहे की नाही, एवढेच पाहत होता. त्या पाहण्यात डावे अंग मोकळे सुटले आणि सांबर तिकडून निघून गेले. खिंडीपर्यंत ते आलेच नाही.

बोलावणे येईल म्हणून तो अंधार पडेपर्यंत तिथेच उभा होता. टोळी केव्हाच परत गेली होती. त्याला बोलवायचे कुणाच्या लक्षातच आले नाही.

तात्पर्य : गुणाचे कौतुक एका दिवसातही होते, पण सोबत्यांमधली जागा रोजच्या भरवशाने मिळते. तो भरवसा एकदा तुटला, की आपण जागेवर असूनही सोबत्यांच्या लेखी ती रिकामीच राहते.