पाण्यात उभे राहण्याचा हक्क

मुलांनो, एका मोठ्या जंगलाचे तीन भाग होते. वर डोंगर, मध्ये माळ आणि खाली नदीकाठ. त्यातल्या माळावर दोन सख्खे भाऊ राहत, कोल्हे. थोरला शांत होता. धाकटा भारी तापट. त्याचे पाय आधी धावायचे, डोके मागून यायचे. आईबाप लवकर गेले होते, त्यामुळे धाकट्याचे सगळे जग म्हणजे त्याचा दादा.

त्या जंगलाचा कारभार जुन्या काळी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवला होता. सीमेवर पहारा देणे, वणवा दिसला की हाक देणे आणि दोन भागांत तंटा झाला तर तो मिटवणे, एवढे काम वाघाचे. बाकीचे ज्याचे त्याने पाहायचे. माळावर कुणी कुठे चरावे, कुणी कुणाला इजा केली तर काय करावे, हे माळाचे पंच ठरवत. डोंगराचे डोंगरवाले आणि नदीकाठचे नदीकाठवाले. काही गोष्टी मात्र वाघाच्याही हातात नव्हत्या आणि पंचांच्याही नव्हत्या. तहानेला पाणी, राहायला बीळ आणि शिक्षेआधी आपले म्हणणे मांडणे, हे ज्याचे त्याचे होते. म्हणणे मांडायची एक रीत होती. ज्याच्यावर आरोप असेल त्याने पाणवठ्यावर पुढचे पाय पाण्यात ठेवून उभे राहायचे. तो पाण्यात असेपर्यंत कुणी त्याला नख लावायचे नाही. आणि पहिला प्रश्न तक्रार करणाऱ्यानेच विचारायचा.

एका सकाळी थोरला घरी आला नाही. धाकटा त्याला शोधत माळाच्या टोकाला गेला, तर दादा गवतात आडवा पडलेला. त्याच्या अंगावर डोंगरावरचा तरस वाकला होता आणि तरसाच्या जबड्यातून रक्त गळत होते. तरस त्याच्याकडे पाहून काही बोलणार, तोच धाकटा किंचाळत पळत सुटला. नंतर शेजारीपाजाऱ्यांना घेऊन तो परत आला, दादाला चाटत बराच वेळ बसला आणि मग उठून थेट वाघाच्या गुहेकडे धावला.

"वाघोबा, तरसाने माझ्या दादाला मारलं! त्याला आत्ताच्या आत्ता जंगलाबाहेर काढा!"

वाघ सावलीत अंग चाटत बसला होता. "वाईट झालं रे पोरा," तो म्हणाला. "पण हे काम माळाच्या पंचांचं. आणि तरस पडला डोंगराचा, म्हणजे तिकडेही निरोप जायला हवा."

"आमचा मुख्य पंच काळवीट सगळ्यांना बोलावणार कधी, आणि तो डोंगराचा पंच गवा खाली उतरून येणार कधी! तोवर मी काय करू? सगळ्यांत मोठे तुम्हीच ना?"

"मोठा आहे खरा." वाघाला ते ऐकून बरे वाटले. "पण माझे हात बांधलेत. हां, माळानेच म्हटलं की आम्हाला पंच नकोत, एकटा वाघ पुरे, तर गोष्ट वेगळी."

धाकटा माळभर फिरला. ज्याला त्याला सांगत सुटला, "वाघोबा एका दिवसात न्याय करतील. पंच हवेत कशाला?" त्याचे रडून लाल झालेले डोळे पाहून कुणाला नाही म्हणवेना. एक ससा तेवढा बिळातून डोके काढून म्हणाला, "म्हणजे उद्या माझा तंटा झाला तर मी वाघाच्या गुहेत जायचं? जाईन की. पण परत येईन का, ते सांग!"

"माझा दादा गेलाय आणि तुला चेष्टा सुचते?"

ससा ओशाळला, पण त्याने मान काही डोलावली नाही. माळाचा मुख्य पंच काळवीट मात्र म्हणाला, "पोराचं मन मोडू नका. आज हो म्हणू, पुढचं पुढे पाहू."

दुपारी सगळे पाणवठ्यावर जमले. दोन भागांतला तंटा म्हणून डोंगरावरून गवा आला, त्याच्यामागून तरसही आला. वाघ खडकावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "माळाने आपला कारभार मला दिला आहे. पहिला निकाल असा की तरसाने जंगल सोडावं. दुसरा असा की माझ्या नावाला ज्याने विरोध केला, त्या सशाने आपलं बीळ सोडावं."

धाकटा दचकला. "सशाचं काय? सशाबद्दल मी काही म्हटलं नव्हतं!"

"आता तू म्हणायची गरजच उरली नाही," वाघ म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकट्याला इतकी भीती वाटली नसती.

तेव्हा नदीकाठची म्हातारी घोरपड सरपटत पुढे आली. पूर्वी जे ठरले ते मोडत तर नाही ना, एवढेच पाहण्याचे काम तिच्याकडे होते आणि धरलेली गोष्ट सोडण्याची तिला सवय नव्हती.

"वाघोबा, जरा थांबा," ती म्हणाली. "एकट्या माळाला आपला कारभार असा उचलून देता येत नाही. त्याला तिन्ही भागांनी बसावं लागतं. पण तेही एक वेळ बाजूला ठेवा. सशाचं बीळ हे सशाचं. तरसाचं म्हणणं हे तरसाचं. जे माळाचं नव्हतंच, ते माळाने तुम्हाला दिलं कसं?"

"आणि तरस आमचा आहे," गवा हुंकारला. "डोंगराने कुणाला काही दिलेलं नाही."

वाघाने शेपूट आपटले. "तुमच्या या रीतीने पोराचा भाऊ परत येणार आहे का, आजी?"

"नाही," घोरपड म्हणाली. "तुमच्या निकालानेही येणार नाही."

मग तरस लंगडत पुढे आला आणि त्याने पुढचे दोन्ही पाय पाण्यात ठेवले. सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. पहिला प्रश्न त्याचा होता. 'माझ्या दादाला का मारलंस?' हा प्रश्न सकाळपासून त्याने दातांत धरून ठेवला होता. पण तोंड उघडले तेव्हा भलतेच बाहेर पडले.

"दादाला फार दुखलं का?"

तरसाने मान खाली घातली. "दुखलं, बाळा. तुला खोटं नाही सांगणार. पण फार वेळ नाही. घोणस चावली होती त्याला. वास आला म्हणून मी गेलो, तर पडलेला होता. मी मेलेलं खाणारा. मला पाहून त्याने डोळेच मिटले. मी म्हटलं, अरे, घाबरू नको, मी नुसता बसायला आलोय."

"मग तुमच्या तोंडात रक्त कसलं होतं?"

"उंदराचं. तुझ्या दादानेच सांगितलं, 'काका, धाकट्याला आधी खायला घाला, मग सांगा. उपाशी असला की तो अर्धंच ऐकतो.' मी उंदीर धरून आलो, तर तो गेलेला. श्वास तरी उरलाय का म्हणून वाकून पाहत होतो, एवढ्यात तू आलास. आणि तू तर अर्धंही ऐकलं नाहीस!"

कुणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. धाकट्यालाही हसू आले, कारण दादा अगदी असाच बोलायचा. त्या हसण्याचे रडणे कधी झाले ते त्याचे त्याला कळले नाही.

घोरपड तरसाकडे वळली. मग ती म्हणाली, "याचं बोलणं खरं कशावरून?"

उत्तर धाकट्यानेच दिले. "तरसाने चावा घेतला तर हाड उरत नाही. दादाचं हाड न् हाड शाबूत होतं. मागचा पाय तेवढा काळानिळा होऊन सुजला होता. मी तोच चाटत होतो." तो वाघाकडे वळला. "वाघोबा, मी घाई केली. माळाचं काम माळाला परत द्या."

या वेळी काळवीट त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. "चूक माझीही आहे," तो म्हणाला. "पंच असून मी पुढचं पुढे पाहू म्हणालो. माळ आपलं काम परत मागतो आहे."

गवाही उठला. वाघाने एकदा डोंगराच्या, माळाच्या आणि नदीकाठच्या प्राण्यांवरून नजर फिरवली आणि तो खडकावरून खाली उतरला. "घ्या तुमचं तुम्हाला. मला सीमेचा पहारा पुष्कळ आहे."

"आणि माझं बीळ?" ससा मागून ओरडला.

"तुझंच आहे रे बाबा!" वाघ वळूनही न पाहता म्हणाला.

पंचांनी तरसाला निर्दोष ठरवले. प्राणी पांगले, पण धाकटा जागचा हलला नाही. शेवटी तो तरसाजवळ गेला. "काका, तुम्ही कुठे बसला होतात ते मला दाखवाल?"

ते दोघे माळाच्या टोकाला गेले. तरसाने दबलेले गवत दाखवले. "तो इथे होता, आणि मी इथे."

धाकटा तरसाच्या जागी बसला. "आता पहिल्यापासून सांगा," तो म्हणाला. तरस सावकाश सांगू लागला, आणि धाकट्याने मध्ये एक शब्दही न बोलता सगळे ऐकून घेतले.

तात्पर्य : दुःख कितीही खरे असले, तरी त्याच्या भरात सगळी सत्ता एकाच्या हाती देऊ नये. कारभार वाटलेला असावा, आणि आपले म्हणणे मांडण्याचा प्रत्येकाचा हक्क राजालाही हिरावता येऊ नये आणि चार जणांना मिळूनही देऊन टाकता येऊ नये. तो हक्क टिकला तरच खरे काय घडले ते कळते.