कुंकवाच्या करंड्याएवढी पाटी

फार पूर्वी शाल्मलीनगरावर दंडसेन राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. युद्ध नुकतेच सरले होते. नाचणी पेरली होती, पण कणसे भरायला चार महिने होते. तोवर खायचे काय? अमात्यांनी दवंडी पिटवली, "गावाबाहेर तळे खोदायचे आहे. माती वाहील त्याला राजकोठारातून रोजचे धान्य."

सेला नावाची विधवा दोन लेकींना घेऊन धावली. युद्धात तिचा एक हात अधू झाला होता. मुकादम भद्दक म्हणाला, "ही पाटी उचल बघू. नाही ना जमत? मग वाट धर." पाटी कसली, हत्तीचे ओझेच ते! आता लेकींना परमुलखात भीक मागायला न्यायचे, आणि तिकडे गेलेले कोणी परतत नव्हते. सेला मटकन खाली बसली.

"काय झाले माय?" अमात्यांनी विचारले.

"हात एक आहे बाबा, पोटं तीन."

अमात्यांनी बुरुडांना बोलावले. "या माउलीला एका हाताने डोक्यावर घेता येईल, एवढ्याच सगळ्या पाट्या विणा."

दुसऱ्या दिवशी लंगडे आले, म्हातारे आले, लेकुरवाळ्या आल्या. "अगं बाई, ही पाटी की कुंकवाचा करंडा?" अशी थट्टा चाले, गाणी चालत. सेलाची चूल रोज पेटू लागली.

दोन महिन्यांनी राजा आला आणि भडकला. "अजून अर्धेच? उद्यापासून मोठ्या पाट्या आणा!"

सेलाने आपली पाटी पाठीमागे लपवली.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, "मोठ्या पाट्यांनी तळे केव्हाच झाले असते, महाराज. पण काम संपताच धान्यही थांबले असते, आणि कापणीपर्यंत ही माणसे जगली नसती. मग पाणी प्यायचे कोणी?"

राजा वरमला. पाट्या तशाच राहिल्या.

एका सकाळी तळ्यावर चिटपाखरूही नव्हते. भद्दक धापा टाकत राजवाड्यावर आला. "घात झाला! लोक पळाले!"

"पळाले कुठले? नाचणी कापायला गेलेत," म्हणत बोधिसत्त्व पोट धरून हसले. बांधाची वीतभर माती उरली होती. ती राजाने आणि मुकादमाने करंड्याएवढ्या पाट्यांनी, घाम पुसत टाकली. शेतातून सेला ओरडली, "जपून हो महाराज, कंबर धरेल!"

कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "विहार लवकर होत नाही म्हणून कुरकुरणारे हे श्रेष्ठी तेव्हा राजा होते. भद्दक म्हणजे त्यांचा कारभारी, सेला म्हणजे मागे बसलेली ही वृद्ध उपासिका, आणि अमात्य मीच होतो. दुबळ्याच्या बळाने काम मापणे, ही करुणा."

सगळे श्रेष्ठींकडे पाहून हसले. श्रेष्ठीही हसले.