चांदीची वेळ

झोपेतलं मला कळतं तेवढं तालुक्यात कुणालाच कळत नाही. चौथीपर्यंत शाळेत मी दुसरं काही केलंच नाही, म्हणून तर पाचवी बघितली नाही! तेव्हा ही गोष्ट माझ्याकडूनच ऐकावी.

सोनपठारचे राजे झुंजारराव यांचा सहा वर्षांचा मुलगा, बाळराजे, काही केल्या झोपत नसे. झोपणार कसा? आज पाहुणे आले म्हणून दिवेलागणीलाच पोराला आत पिटाळायचं, उद्या आतषबाजी म्हणून मध्यरात्रीपर्यंत मांडीवर बसवायचं, परवा महाराज सोंगट्यांत हरले की ते जिंकेपर्यंत पोरानं जागायचं. वैद्य झाले, गवई झाले. शेवटी भर दरबारात पेंगुळलेल्या बाळराजांनी शेजारच्या राज्याच्या वकिलाच्या मिशा धरून ओढल्या आणि भोकाड पसरलं!

महाराज खवळले. कुणावर? दाईवर! गोदाक्कानं महाराजांनाही अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण मोठ्या माणसांचा राग असाच, जवळ सापडेल त्यावर निघतो.

"गोदाक्का! उद्या दिवे लागल्यापासून एका घटकेत पोर झोपलं पाहिजे. अंगाई नाही, गोष्ट नाही, थोपटणं नाही, औषध नाही. नाही झोपलं, तर आमच्या राज्यातून चालती हो!"

म्हातारी गाठोडं बांधायला वळली. तेव्हा तिची सून हौसा पुढं झाली. सून सासूसाठी पुढं झाली, यावरून गोष्ट किती जुनी ते ओळखा! हौसा राजाच्या गोठ्यात म्हशींची धार काढी.

"महाराज, तुमचा हुकूम कुठल्याही वेळेला चालतो का हो?"

"चालतो म्हणजे? आमच्या हुकमाला वेळकाळ नसतो!"

"मग चला गोठ्यात. आपल्या चांदी म्हशीला हुकूम करा, आत्ता दूध दे म्हणावं."

सूर्य डोक्यावर आलेला. सगळा दरबार मागं मागं. महाराज स्वतः धारेला बसले, दिवाणजींनी चरवी धरली. चांदीनं मान वळवून दोघांकडं बघितलं. महाराजांनी आचळाला हात लावला मात्र, अशी लाथ बसली की चरवी दिवाणजींच्या पागोट्यावर आणि महाराज शेणात!

"अगं मूर्ख बाई!" महाराज ओरडले. "भर दुपारी कुठली म्हैस पान्हा सोडते? रोजच्या वेळेला बसलं तर देईल ना!"

हौसानं पदर तोंडाला लावला.

"हेच मी बाळराजांच्या झोपेचं बोलणार होते. तुम्हीच बोललात, माझी जीभ वाचली."

"म्हणजे आमचा मुलगा आणि म्हैस सारखीच?"

"छे, महाराज! चांदी कुणाच्या मिशा ओढत नाही."

दिवाणजींना ठसका लागला. महाराजांनी शेण झटकलं, आणि झटकता झटकता हौसाला पंधरा दिवस दिले.

दुसऱ्या दिवसापासून एकच रीत. दिवे लागले की वरणभात, मग पाय धुणं, मग तीच गोधडी, तोच कोपरा, दिवा बारीक. पहिले तीन दिवस बाळराजांनी चांदीसारख्याच लाथा झाडल्या. चौथ्या दिवशी महाराज पेढा घेऊन दारात! "एकच घटका सोंगट्या खेळतो गं याच्याशी."

"गोठ्यात परका माणूस शिरला की जनावर बुजतं," असं म्हणून हौसानं दार लावलं. राजाच्या तोंडावर! पेढा मात्र ठेवून घेतला.

पंधरावा दिवस उजाडला आणि मावळला. गोदाक्कानं आपलं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं. दिवे लागले. दिवाणजींनी पाण्याच्या गंगाळात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडली. ती बुडाली की घटका भरली. अंगाई नाही, गोष्ट नाही. बाळराजे आपणहून गोधडीत शिरले, एक जांभई दिली, कुशीवर वळले. वाटी अर्धीही भरली नव्हती आणि पोर घोरायला लागलं!

महाराज पोट धरून हसले. हौसानं "शूऽऽ" केलं, तेव्हा उपरणं तोंडात कोंबून हसले. गोदाक्काला जन्मभराची पेन्शन आणि हौसाला चांदी म्हैस, पारडासकट! म्हातारीनं गाठोडं तिथंच सोडलं.

पण हौस कुणाला आवरते? महाराज कानाशी येऊन म्हणाले, "हौसा, राणीसाहेबांनी हे बघितलंच नाही गं! जरा उठवू का त्याला? परत झोपव की एकदा!"

हौसानं आधी महालातल्या गुळगुळीत दगडी फरशीकडं बघितलं, मग महाराजांकडं.

"उठवा की, महाराज! पण गोठ्यात निदान खाली शेण तरी मऊ होतं."