पुलावरची पाटी

"मग सांगाल ना बाबा तिला? आठ दिवस पुरे झाले म्हणून?"

श्रीरंग परुळेकराने तिसऱ्यांदा विचारलं. गणूबाबा पायरीवर बसून शेंगा सोलत होते.

बाबा मूळचे मालवणकडच्या खाडीवरचे होडीवाले. म्हातारपणी लेकीमागून अमेरिकेत आले आणि नदीकाठच्या या लहानशा मठात राहिले. शाळा फारशी शिकले नाहीत, पण अडलेली माणसं त्यांच्याकडे येत.

श्रीरंग अडला होता बेसबॉलवर. नदीपलीकडच्या त्याच्या राज्यात सामन्यांवर फोनवरून पैसे लावणं कायदेशीर. कोण जिंकणार, पुढचा चेंडू कसा पडणार, कशावरही लावा. नऊ दिवसांपूर्वी एका दुपारी नऊ डावांचा सामना बाराव्या डावात गेला, आणि त्याची लेक गार्गी शाळेच्या फाटकाशी दीड तास कुडकुडत उभी राहिली.

त्या संध्याकाळी वृंदाने बॅग भरली. "आठ दिवस त्या जुगाराला हात न लावता राहून दाखव," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांनी हो म्हटलं तर बॅग उघडीन. नाहीतर गार्गीला घेऊन जाते."

ते आठ दिवस श्रीरंगाने मठात काढले. आज ती पुलापलीकडे गाडी लावून थांबली होती. बॅग मागच्या सीटवर.

"आणि जुगार नाही हो तो. अभ्यास असतो. चेंडू टाकणाऱ्या पिचरचा खांदा, वारा, मैदान... शिवाय सरकारचा परवाना आहे."

"परवाना त्या दुकानाला. तुला कुणी दिला?"



"पण फोन खिशात असून आठ दिवस मी हात लावला नाही. हे तरी खरं ना?"

"इथे लावता येतात पैसे?"

"नाही... या राज्यात परवानगी नाही. इथे ते चालतच नाही."

"म्हणजे उपास फोनला घडला."

श्रीरंगाला ते झोंबलं. "तुम्ही तिला सांगणार नाही का?"

बाबांनी टरफलं झाडली. "चल, पोचवायला येतो. हात दे. पूल लांब आहे."

बाबांनी त्याचा उजवा हात धरला. वल्ह्याने घट्टे पडलेला तळवा, कोरडा. श्रीरंगाचा घामाने भिजलेला. दीडला सामना सुरू होणार, हे मनात आणायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. म्हणून ते सारखं येत होतं.

पुलाच्या मधोमध पाटी होती. इथून पुढे दुसरं राज्य.

पाटी मागे पडली. दहा पावलं झाली असतील... खिशातला फोन थरथरला. पुन्हा थरथरला. पैजांची बोलावणी सुरू झाली होती.

"बघा बाबा, मन कसं शांत आहे माझं."

बाबा थांबले होते. खाली बघत होते.

श्रीरंगाने खाली पाहिलं. खिशाच्या तोंडाशी दोन हात होते. एक त्याचा. दुसरा त्याच्यामागे फरपटत आलेला, बाबांचा.

"वेळ बघत होतो नुसती."

"ऊन डोक्यावर आहे, श्रीरंगा. वेळ दिसते."

"...परत जाऊ या बाबा. मी मठातच राहतो. तिथे ठीक असतो मी."

"तिथे काय, मीसुद्धा ठीक असतो."

आणि बाबा पुढे चालू लागले.

वृंदा गाडीतून उतरली. "झाले ना बाबा आठ दिवस?"

बाबांनी श्रीरंगाचा हात सोडला.

त्या मोकळ्या हाताने श्रीरंगाने फोन काढला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला. पत्र्यावर तो घुरघुरत राहिला.

"वृंदा... हात गेला. आत्ताच. पाटी ओलांडली आणि..."

कुणी फोन उचलला नाही. तो आपोआप थांबला.

वृंदाचे डोळे भरून आले. "म्हणजे बाबा, आठांतला एकसुद्धा दिवस नाही?"

"आहे की गं बाय," बाबा म्हणाले. "आजचा एक."