ठमाईचा पसा

सह्याद्रीच्या एका घाटाच्या पायथ्याशी उंबरपेठ नावाची लहानशी पेठ आहे. पेठेच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी केरोबा महाराजांची धुनी होती. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या दमल्याभागल्या माणसाला महाराज तिथे पोटभर आंबील आणि भाकरी घालीत. तू कोण, कुठला, असे कधी विचारीत नसत.

पेठ वसवली गोंदशेट वाण्याने. त्याचे श्रेय त्याचे त्याला दिलेच पाहिजे. देशमुखांनी त्याला शेटेपण, म्हणजे पेठ वसवून चालवण्याचा हक्क, दिला तेव्हा इथे करवंदीच्या जाळ्या आणि एक उंबराचे झाड, एवढेच होते. गोंदशेट पायी वाड्या-वस्त्या हिंडला. दारोदार हात जोडून म्हणाला, "मंगळवारी उंबराखाली माल घेऊन या. जागेचं काही घेणार नाही. देवाच्या नावानं पाटीमागे एक पसा द्या, तोही तुमच्याच हातचा. तो महाराजांच्या अन्नछत्राला जाईल." आणि हे वचन त्याने महाराजांच्या धुनीवर हात धरून दिले होते.

पहिल्या मंगळवारी कोण आले? एकटी ठमाई. डोंगरावरच्या वाडीतली ही विधवा बाई डोक्यावर नाचणीची पाटी घेऊन घाटवाट उतरली. गोंदशेटला इतका आनंद झाला की त्याने खांद्यावरचे उपरणे तिच्यापुढे अंथरले आणि म्हणाला, "ठमाई, ही जागा तुझी. पेठ आहे तोवर तुझी." तिने आपल्या इवल्याशा तळहाताची पोकळी करून त्यात मावली तेवढी नाचणी काढून दिली. तोच पेठेचा पहिला पसा.

पुढे पेठ नांदती झाली. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर येऊ लागली, देशावरून गूळ आणि ज्वारी खाली उतरू लागली. गोंदशेटचे दुमजली दुकान उभे राहिले. आणि मग त्याच्या डोक्यात हवा शिरली! आता पसा तो स्वतः घेऊ लागला. त्याचे हात सुपाएवढे. एका हाताचा पसा दोन हातांची ओंजळ कधी झाली, हे कुणाला कळले नाही. म्हणजे कळले सगळ्यांना, बोलले कुणी नाही. ते धान्य अन्नछत्राकडे न जाता शेटच्या बळदात, त्याच्या घरच्या कोठारात, पडू लागले. इकडे धुनीवरची आंबील पातळ होत चालली, आणि हा मनुष्य मात्र दर सोमवारी कपाळाला भस्माचे पट्टे ओढून देवळात पुढे उभा! ऐकणाऱ्याचा संताप व्हावा अशीच ही गोष्ट आहे.

एका मंगळवारी शेट ठमाईपुढे येऊन वाकला. त्या वर्षी डोंगरावर पीक बेताचे होते, पाटी जेमतेम अर्धी. ठमाईने पाटीवर हात आडवा धरला.

"शेट, पसा माज्या हाताचा ठरला हुता. म्या काढून देते."

"तुझ्या हातात मावतं काय?" शेट हसला. "देवाला चिमणीचा घास घालतेस होय?"

भोवतालचे चार जण हसले. शेटचे मिंधे होते, हसायलाच हवे होते.

"देवाला घालते, तुमच्या बळदाला न्हाई," ठमाई म्हणाली.

शेटचा चेहरा काळवंडला. त्याने पायाने पाटी उलथी केली. नाचणी धुळीत सांडली. "ऊठ इथून. पुढल्या बाजारापासून ही जागा तुझी नाही."

बाजारावाचून तिची चूल पेटत नव्हती. पण ठमाई रडली नाही. धुळीसकट नाचणी पाटीत भरली आणि ती तडक धुनीवर गेली.

"महाराज, त्यानं वचन दिलं ते तुमच्या धुनीवर," ती म्हणाली. "तुम्ही हितं बसून काय बघताय? तुमची आंबील पातळ झाली, ती बी दिसत न्हाई का तुम्हास्नी?"

शिष्य दचकले. महाराजांशी असे कुणी बोलले नव्हते. महाराज मात्र उठून उभे राहिले. म्हणाले, "माये, रागावलीस ते बरे केलेस. उशीर माझ्याकडूनच झाला. पुढल्या मंगळवारी तुझ्याच जागेवर बस. तो हात घालील, घालू दे. अडवू नकोस."

पुढल्या मंगळवारी ठमाई उंबराखाली येऊन बसली. शेजारी महाराज बसले. शेट आला, त्याने लांबूनच हात जोडले.

"महाराज, भजनानं पेठ वसत नाही. बाजार चालवायचा तर घ्यावं लागतं."

महाराज म्हणाले, "घ्या शेट. मन भरेपर्यंत घ्या."

शेटने दोन्ही हात नाचणीत खुपसले आणि भरगच्च ओंजळ वर उचलली. ओंजळ रिकामी होती. दाणे बोटांमधून चाळणीतून गळावेत तसे पाटीत परत गेले होते. त्याने पुन्हा हात घातले. पुन्हा तेच. शेजारच्या ज्वारीत घातले, पलीकडच्या मिठात घातले. मूठ आवळून वर काढली तरी आत कणसुद्धा नाही. शेट घाम पुसत घरी गेला.

पेठेत बातमी लपते कुठे! ताटातला घास शेटच्या बोटांत टिकेना, पाण्याचा तांब्या हातातून निसटे. शेटाणी त्याला लहान मुलासारखे भरवी. ती एवढेच म्हणाली, "ज्या हातानं धुनीवर वचन दिलंत, तो हात आता तुमचं ऐकत नाही." जो सगळ्या पेठेचे घेत होता, त्याला स्वतःचा घास उचलता येईना.

पुढल्या बाजारी शेट अनवाणी आला आणि महाराजांपुढे उभा राहिला.

"महाराज, हात परत द्या."

"माझ्यापाशी काय आहे?" महाराज म्हणाले. "पसा तिचा होता. तिच्याकडे माग."

शेट ठमाईपुढे गेला. सगळा बाजार बघत होता. त्याने सुपाएवढा हात पुढे केला. ठमाईने त्या हाताकडे बघितले, पण उचलून काही दिले नाही. धुळीतली नाचणी निवडता निवडता दुखलेली बोटे तिला आठवत होती. तिचा राग खरा होता आणि तो इतक्यात जाणारा नव्हता.

"ठमाई," शेट म्हणाला, "पहिल्या दिवशी तू आली नसतीस तर पेठच झाली नसती. मी विसरलो."

त्याने खांद्यावरचे उपरणे काढले आणि तिच्यापुढे अंथरले.

ठमाईने पाटीत हात घातला. आपल्या तळहातात मावली तेवढीच नाचणी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. नाचणी राहिली. एक दाणा खाली पडला नाही. शेटने तो चिमणीचा घास मुठीत धरला आणि भर बाजारात ठमाईच्या पायांवर डोके ठेवले. उठेचना.

"शेट," ठमाई म्हणाली, "तो पसा धुनीवर पोचवा आदी. आन् पाटीम्होरनं सरका, गिऱ्हाईक खोळंबलंय."